जुन्या लष्करी मालमोटारीत डीझेल एंजिन

चेन्नई शहरात एग्मोर रेल्वेस्थानकापासून फार दूर नसलेली पुदुपेट नावाची एक पेठ आहे. मोडीत निघालेल्या मोटारी तेथे सुट्या केल्या जातात व त्यांचे अवयव विकले जातात. एका दुकानापुढे नुसत्या गिअरपेट्या रचलेल्या, दुसऱ्यापुढे आस, तिसऱ्यापुढे एंजिने, असा तेथील देखावा असतो. तो पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहील : एका गाडीचे एंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसविता येईल काय? येईल, हे त्याचे उत्तर होय. परंतु हे काम जुना दिवा काढून नवा लावण्याइतके सरळ नाही. एंजिन बदलले की गाडीतील जवळजवळ प्रत्येक भागाचा हिशेब बदलतो. तो हिशेब कसा बदलतो, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी आपण दुसऱ्या महायुद्धातील लष्करी मालमोटार घेऊ. ब्रिटिश सैन्याच्या गरजेनुसार कॅनडातील फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या चार लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आखूड नाकाच्या, बसक्या चेहऱ्याच्या व उजव्या बाजूस चालकाचे चाक असलेल्या या गाड्या हिंदुस्थानातही मोठ्या संख्येने आल्या. युद्ध १९४५ साली संपले आणि सैन्याला नको असलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. लोक त्यांना ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत. नव्या मालमोटारी दुर्मीळ असल्याने व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, त्यांवर लाकडी हौदे चढविले आणि भात, कापूस, सिमेंट व विटा यांची वाहतूक सुरू केली.

गाडी दणकट होती, पण तिचे एंजिन पेट्रोलचे होते. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई इतकी तीव्र झाली होती की, दक्षिणेत बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या जोडून त्यांतून निघणाऱ्या वायूवर त्या चालवाव्या लागल्या. युद्धानंतर टंचाई सरली, तरी खर्च सरला नाही. डीझेल तेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, शिवाय तेवढ्याच कामाला ते कमी लागे. आणखी एक अडचण हळूहळू पुढे आली. मुंबईस शिवडी येथे १९२८ पासून मोटारींची जुळणी करणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ च्या सुमारास बंद झाला. फोर्डनेही आपला येथील कारभार आवरला. अमेरिकी धाटणीच्या पेट्रोल एंजिनांचे सुटे भाग मिळविणे त्यामुळे अवघड होत गेले.

याच दशकात चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासेत, डीझेल एंजिने तयार होऊ लागली. घोडागाड्या बांधण्यासाठी १८४० साली स्थापन झालेल्या सिम्प्सन कंपनीने इंग्लंडमधील पीटरबरो येथील पर्किन्स कंपनीच्या सहकार्याने ‘पी-६’ नावाचे एंजिन बनविण्यास घेतले. पर्किन्स कंपनीची स्थापना १९३२ ची, आणि पी-६ हे एंजिन १९३७ चे. पेट्रोल एंजिन काढून त्याच्या जागी बसविता यावे, हा या एंजिनाचा एक मोठा गुण होता व जगभर त्याचा तसा उपयोग झाला. एन्नोर येथील अशोक मोटर्सने १९५५ साली अशोक लेलँड हे नाव धारण करून मुळातच डीझेलवर चालणाऱ्या मालमोटारी काढल्या. त्याआधी एक वर्ष जमशेदपूरची टाटा-मर्सिडीज बाहेर पडली होती. ज्यांना नवी गाडी परवडत होती त्यांचा प्रश्न सुटला. ज्याच्यापाशी एकच जुनी लष्करी गाडी होती, त्याने मात्र एंजिनबदलाचा मार्ग धरला.

ठिणगीवाचून ज्वलन

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा व दांडा दहा-बारा वेळा जोराने आत ढकला. पंपाचे खालचे टोक गरम झालेले जाणवेल. त्यातील काही उष्णता घर्षणाची असते, परंतु हवा दाबली गेली की ती स्वतःही तापते. डीझेल एंजिनाचे सारे रहस्य यात आहे. पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात येते, दट्ट्या ते दाबतो आणि विजेची ठिणगी ते पेटविते. डीझेल एंजिनात सिलिंडरात येते ती नुसती हवा. दट्ट्या तिला इतकी दाबतो की, तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. ठिणगी नाही, म्हणून ठिणगीचे साहित्यही नाही.

आता दोन एंजिने शेजारी ठेवून पाहू. या लष्करी गाड्यांपैकी शेव्हरोलेमधील एंजिन सहा सिलिंडरांचे होते. सिलिंडराचा व्यास ८८.९ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९५.२५ मिलिमीटर. पर्किन्स पी-६ हेही सहा सिलिंडरांचेच. त्याच्या सिलिंडराचा व्यास मोजला तर तोही नेमका ८८.९ मिलिमीटर भरतो! हा योगायोग विद्यार्थ्याच्या फार सोयीचा आहे, कारण फरक काय तो धावेत उरतो. पी-६ मध्ये धाव १२७ मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने व सहाने गुणून पाहावे. पहिल्या एंजिनाचे घनफळ सुमारे ३,५५० घनसेंटिमीटर येते व दुसऱ्याचे सुमारे ४,७३०. पहिल्यात हवा साडेसहापट दाबली जाते, दुसऱ्यात सोळापटींहून अधिक. एवढा दाब सोसण्यासाठी सिलिंडरांचा ठोकळा, भुजादंड व धारवे जाडजूड करावे लागतात.

पहिले एंजिन मिनिटास सुमारे ३,४०० फेऱ्यांवर ८५ अश्वशक्ती देते. दुसरे त्याच्या सुधारलेल्या रूपात २,४०० फेऱ्यांवर ८३ देते. शक्ती सारखीच, मग फेऱ्यांत एवढे अंतर का? एका फेरीत दट्ट्या एकदा वर जातो व एकदा खाली येतो. म्हणजे पहिल्यात तो मिनिटाला सुमारे ६५० मीटर अंतर कापतो, तर दुसऱ्यात सुमारे ६१०. फेऱ्या कमी असल्या तरी लांब धावेमुळे दट्ट्याचा वेग जवळपास तेवढाच आहे. त्याहून तो फारसा वाढविता येत नाही. शिवाय फवारलेले तेल हवेत मिसळून जळण्यास काही अवधी लागतो, तो वेगळाच.

पीळ आणि दाते

शक्ती म्हणजे पिळाचे बळ गुणिले फिरण्याचा वेग. वेग कमी असून शक्ती तेवढीच, याचा अर्थ पीळ अधिक. गणित केल्यास त्या सर्वाधिक शक्तीच्या क्षणी पहिल्या एंजिनाचा पीळ सुमारे १८ किलोग्रॅम-मीटर व दुसऱ्याचा सुमारे २५ येतो. हा फरक लहान नाही, आणि एंजिनबदलातील निम्म्या चुका येथेच होतात. मालक अश्वशक्ती पाहतो, ती सारखी दिसते, आणि बाकी सारे आहे तसेच चालेल असे तो मानतो.

समजा, गाडीच्या मागील आसातील दंतचक्रांचे प्रमाण ७ ला १ आहे, म्हणजे दंड सात वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. चाकाचा परीघ ३.१ मीटर धरू. शेवटच्या गिअरमध्ये, जेथे एंजिन व दंड सारख्याच फेऱ्या करतात, ३,४०० फेऱ्यांना चाकाच्या ४८६ फेऱ्या होतील व वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येईल. तेच आस ठेवून डीझेल एंजिन बसविले, तर २,४०० फेऱ्यांना वेग ताशी ६४ किलोमीटरवरच थांबेल. गाडी हळू झाली. मात्र चाकावरचा पीळ पूर्वी १८ गुणिले ७, म्हणजे १२६ होता, तो आता २५ गुणिले ७, म्हणजे १७५ झाला. गाडी बैलासारखी ओढील. पण आसाच्या आतील दांडे आणि दाते मूळ १२६ चा भार डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले होते. त्यांत राखीव बळ असते हे खरे. ते किती आहे हे मात्र बहुधा दांडा तुटल्यावर समजते.

आता आसाचे प्रमाण ५ ला १ करून पाहा. २,४०० फेऱ्यांना वेग ताशी ८९ किलोमीटर येतो आणि चाकावरचा पीळ २५ गुणिले ५, म्हणजे १२५. पहिली गाडी जशीच्या तशी परत मिळाली. यास्तव जाणता मिस्त्री एंजिनाबरोबर गिअरपेटी, दंड व आस यांचाही विचार करतो आणि शक्य तर सारा संच एकाच गाडीतून उचलतो. घाटातून भरलेली गाडी न्यावयाची व वेगाची घाई नाही, अशा मालकाने जुना आस ठेवला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्याने सोडू नये, एवढेच.

चारही चाकांना चलन देणाऱ्या गाडीत एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते. पुढच्या व मागच्या आसाचे प्रमाण एकच असले पाहिजे. मागे ५ व पुढे ७ असे ठेवून दोन्ही आस एकदम जोडले, तर पुढची व मागची चाके भिन्न वेगांनी धावू पाहतील. वाळूत ती घसरून निभावतील. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र मधले दंड पिळत जातील व सर्वांत दुबळा भाग मोडेल. पुढच्या आसाचे चलन काढून टाकून गाडी दोन चाकांवर चालविणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

जागेवर बसविणे

एंजिन उचलून सांगाड्यात ठेवल्यावर पहिली अडचण बहुधा खालून येते. चारही चाकांना चलन देणाऱ्या गाडीत पुढच्या आसाचा फुगीर भाग एंजिनाच्या तेलपात्राखाली असतो. गाडी उभी असताना दोहोंत चार बोटांचे अंतर दिसते. पण चाक खड्ड्यात आदळून पाटे पुरते दबले की आस वर येतो आणि तेलपात्रावर आपटतो. म्हणून अंतर मोजावयाचे ते पाटे पूर्ण दाबून. लागल्यास तेलपात्राचा आकार बदलावा. एंजिन नुसते वर उचलल्यास मागच्या दंडाचा कोन बिघडतो आणि त्याच्या सांध्यांची झीज वाढते.

दुसरी जागा एंजिन व गिअरपेटी यांच्या मधली. दोहोंच्या कडांवरील भोके जुळत नसतील, तर मध्ये एक जाड पोलादी तबकडी कातून घालतात. ती कातताना भुजादंडाची मध्यरेषा व गिअरपेटीच्या दांड्याची मध्यरेषा एकच राहिली पाहिजे. येथे मिलिमीटरच्या शतांश भागांचा हिशेब चालतो, आणि तो डोळ्याने होत नाही. प्रचक्रावर डायल गेज बसवून भुजादंड हाताने सावकाश फिरवावा व काटा किती हलतो ते पाहावे. हे न केल्यास गाडी सुरू होईल, पहिले काही दिवस चांगली धावेल, आणि मग क्लच चिकटू लागेल व पुढचा धारवा ओरडू लागेल. तोवर मिस्त्रीचे पैसे चुकते झालेले असतात.

डीझेल एंजिनाचे ठोके अधिक कठोर, म्हणून त्याखालील रबरी बैठका नव्या घ्याव्यात. वजन वाढले असल्यास पुढच्या पाट्यांची संख्या तपासावी. कॅनडाच्या या गाड्यांत नाक आखूड असल्याने एंजिनाचा काही भाग चालक व त्याचा सोबती यांच्या मध्ये, चालककक्षातच येतो. मे महिन्यातील चेन्नईत त्या जागी बसणाऱ्याला उष्णतेच्या वहनाचा पाठ निराळा शिकवावा लागत नाही. जाड पत्र्याचे आवरण व आतून उष्णतारोधक थर देणे ही येथे चैन नव्हे.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगावयाचे तर, त्या काळच्या पुष्कळ गाड्यांतील ६ व्होल्टची बॅटरी सोळापट दाब देणारे एंजिन फिरविण्यास अपुरी पडते. १२ किंवा २४ व्होल्टची योजना करून दिवेही त्याप्रमाणे बदलावे लागतात. थंड मुलखात आत येणारी हवा आधी तापवावी लागते. चेन्नईत तशी वेळ सहसा येत नाही. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली की पेट्रोल एंजिन थांबते. डीझेलला थांबवावयाचे तर तेल तोडावे लागते; त्यासाठी वेगळी ओढतार चालकाच्या हाताशी हवी. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर फवारा होत नाही, म्हणून पंपावरील स्क्रू सैल करून हवा काढून टाकण्याची पद्धत चालकाला शिकवून ठेवावी.

ब्रेक

आतापर्यंतच्या चुका पैशाने भरून येतात. आता जी सांगावयाची आहे ती जिवावर बेतते, आणि विशेष हे की, ती कारखान्याच्या आवारात दिसून येत नाही.

मोठ्या मालमोटारीचा ब्रेक केवळ पायाच्या जोराने लागत नाही. त्याला साह्य लागते. पेट्रोल एंजिनाच्या अनेक गाड्यांत हे साह्य एंजिनाकडून जवळजवळ फुकट मिळे. चालकाने पाय उचलला की कार्ब्युरेटरमधील झडप मिटते. दट्ट्ये हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेमागच्या नळीत निर्वातासारखी स्थिती होते. ती नळी एका बंद डब्याला जोडलेली असते. डब्यात पडदा असतो. त्याच्या एका बाजूला निर्वात व ब्रेक दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला दाबातील फरक ०.७ किलोग्रॅम असल्यास पडद्यावर सुमारे २२० किलोग्रॅमांचा रेटा येतो. चालकाच्या पायाला मिळालेला हा अदृश्य सोबती होय.

डीझेल एंजिनात हवेच्या वाटेवर अशी झडप सर्वसाधारणपणे नसते. हवा नेहमी पुरती आत येते. कमीजास्त होते ते तेल. झडप नाही म्हणून निर्वात नाही, आणि निर्वात नाही म्हणून डबा जागेवर असूनही निकामी. मिस्त्रीने जुनी नळी नव्या एंजिनाच्या हवेच्या नळीला नीटनेटकी जोडली, तरी तीत काहीच घडत नाही. रिकामी गाडी आवारात ताशी दहा किलोमीटर वेगाने चालवून पाहिली तर ब्रेक ठीक वाटतात, कारण तेवढ्यापुरते पायाचे बळ पुरते.

हीच गाडी भरून बंगळूर, कोल्हापूर व सातारा या मार्गे पुण्याकडे निघाली आणि खंबाटकीच्या उताराला लागली, असे समजा. भरलेल्या गाडीचे वजन ६,००० किलोग्रॅम व उतार एकंदर ३०० मीटर उंचीचा धरू. वेग न वाढता खाली यावयाचे तर १८ लाख किलोग्रॅम-मीटर ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. उष्णतेच्या भाषेत ती सुमारे ४,२०० किलोकॅलरी भरते. बर्फाइतके थंड ४२ लिटर पाणी उकळीला आणण्यास तेवढी पुरे. पेट्रोल एंजिनाच्या गाडीत मिटलेल्या झडपेविरुद्ध हवा ओढण्याच्या श्रमात तिचा एक भाग खर्च होई. डीझेलमध्ये झडप नसल्याने एंजिनाचा हा आळाही ढिला पडतो. म्हणजे नेमक्या ज्या गाडीत ब्रेकचे साह्य गेले, तिच्याच ब्रेकवर अधिक भार आला.

उपाय ठाऊक असलेलाच आहे. एंजिनाने फिरणारा एक निर्वात-पंप बसवावा, त्याबरोबर निर्वाताची टाकी व एकमार्गी झडप द्यावी. उतारासाठी, धूर जाण्याच्या नळीत मिटणारी झडप बसवून एंजिनाकडून रोध मिळविता येतो. पंप खरोखर काम करतो की नाही हे तपासण्याची रीत शाळकरी मुलालाही करता येईल इतकी सोपी आहे. एंजिन बंद असताना ब्रेकचे पायटे पाच-सहा वेळा दाबून साठलेले निर्वात संपवावे. मग पायटा दाबून धरून एंजिन सुरू करावे. पायाखाली पायटा थोडा आपोआप खाली गेला, तर साह्य जिवंत आहे. तो तसाच ताठ राहिला, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये, मग मालाचा मालक कितीही घाई करो.

नोंद आणि जुनेपण

लष्करी गाडीत डीझेल बसविण्याचा प्रकार डिस्पोजलच्या गाड्यांवर थांबला नाही. जबलपूर येथे १९५९ पासून बनू लागलेली शक्तिमान मालमोटार मूळचीच डीझेल जातीच्या एंजिनाची होती. परंतु तेथील निस्सान व जोंगा या गाड्यांत सुमारे चार लिटरचे पेट्रोल एंजिन असे. सैन्यातून लिलावात निघालेल्या अशा अनेक गाड्यांत मालकांनी डीझेल एंजिने घातली. १९९० नंतरच्या दशकात तर जबलपूरच्या कारखान्यानेच अशोक लेलँडचे हिनो जातीचे डीझेल एंजिन बसवून थोड्या जोंगा काढल्या. त्या कामामागे कारखान्याची नकाशाशाळा व चाचणीचा रस्ता होता, हे खाजगी मिस्त्रीने विसरू नये.

आज असा बदल करू इच्छिणाऱ्यास कायद्याकडेही पाहावे लागते. गाडीच्या नोंदणीपत्रावर एंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यातील ५२ वे कलम नोंदीशी न जुळणाऱ्या फेरफारांना आळा घालते, म्हणून नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून एंजिन बदलू नये. त्याहून नाजूक गोष्ट २०२१ सालच्या नियमांची आहे. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेल्या व व्यापारी उपयोगात नसलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद त्यांनुसार मिळते. अट अशी की, गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात अथवा एंजिनात फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९४३ सालच्या मालमोटारीत डीझेल घातले की ती अधिक काटकसरीने चालेल, पण तो मान तिला मिळणार नाही.

येथे प्रस्तुत लेखकाचे मत असे की, पोटासाठी चालणारी गाडी आणि जतनासाठी ठेवलेली गाडी यांना एकच माप लावू नये. १९५५ साली मद्रासेत ज्याने पेट्रोल एंजिन उतरवून पी-६ चढविले त्याने योग्यच केले. त्याला महिनाअखेर हप्ता भरावयाचा होता. त्या बदलाला आता सत्तर वर्षे होत आली असून, तो बदल हाच आपल्या रस्त्यांच्या इतिहासाचा पुरावा बनला आहे. उलट, मूळ एंजिनासह आजवर टिकलेली गाडी ज्याच्या हाती येईल, त्याने ते एंजिन शक्य तोवर दुरुस्तच करावे. तरीही ते काढण्याची वेळ आली, तर सिलिंडरांत थोडे तेल सोडून सर्व तोंडे लाकडी बुचांनी बंद करावीत, एंजिनावरील क्रमांक उतरवून घ्यावा, जुन्या बैठका व निर्वाताची नळी त्याबरोबर बांधून ठेवावी, आणि नवे एंजिन बसविताना मूळ सांगाड्याला एकही नवे भोक पाडू नये. वेगळ्या पट्ट्या बोल्टांनी जोडून हे बहुधा साधते, आणि पुढे कोणाला जुने एंजिन परत चढवावेसे वाटले तर ते एका आठवड्याचे काम होते.